धर्माच्या हातचं अक्षर

"ते वाकडं अक्षर माझ्या दादाचं नव्हेच, बाबा! खरवडून टाकू ना?"

जोमा धापा टाकत दर्ग्याच्या पायरीशी उभा राहिला. बोटं निळ्या रंगानं माखलेली, काखेत फळी, हातात रंगाचा डबा नि कुंचला.

सुलेमानबाबा चिलीम पुसत होते. "आधी बस."

"बसायला वेळ कुठाय? उद्या नारळी पौर्णिमा! सगळ्यांच्या होड्या रंगून तयार..."

जोमाचा थोरला भाऊ धर्मा बंदरावरच्या होड्यांची नावं रंगवायचा. अक्षर असं, की मोती ओवावेत. मग त्याला लकवा झाला. हात पुन्हा चालू लागला, पण अक्षर पार पालटलं. पहिलं भोपळ्याएवढं, शेवटचं वाटाण्याएवढं, आणि वरची रेघ घसरत पाण्याकडे निघालेली. त्याच हातानं त्यानं जोमाच्या होडीवर 'जलकन्या' लिहिलं. सगळं बंदर पोट धरून हसलं.

पंधरवड्यात धर्मा गेला.

"अजून हसतात, बाबा! म्हणतात, जोम्या, तुझी होडी वाळूतच बुडाली!"

"मग?"

"मग काय! ते लिहिलं लकव्यानं. माझा दादा असा नव्हता. दादाचं अक्षर हे बघा!"

त्यानं फळी पुढे केली. 'जलकन्या'. हुबेहूब धर्माचं जुनं वळण.

बाबांच्या भुवया वर गेल्या. "हे तू काढलंस? शाळेच्या भिंतीवरून उड्या मारून पळणारा तू?"

"मीच! दादाच्या जुन्या पाट्या गिरवून गिरवून. आज होडीवर हेच चढवतो. बघू उद्या कोण हसतं! दादाची अब्रू राखीन मी!"

"वा."

बाबांनी फळी उलटी केली. कोरी बाजू वर आली.

"आता इथं त्याचं नाव लिही."

"कुणाचं?"

"धर्माचं."

"हात्तिच्या! एवढंच ना?" जोमानं कुंचला बुडवला.

'ध' भला मोठा आला.

कुंचला थांबला...

जोमानं बाहीनं डोळे पुसले. नाक ओढलं. कुंचला पुन्हा टेकवला. 'र्मा' इवलासा उमटला. वरची रेघ घसरत घसरत फळीच्या कडेला गेली.

जोमा बघतच राहिला.

"हे... असं नव्हतं लिहायचं मला, बाबा."

बाबांनी त्याचा हात, ओल्या रंगासकट, आपल्या दोन्ही हातांत धरला.

"बेटा, तुला लकवा कधी झाला?"