भोपळ्यांची हद्द

फार फार पूर्वी, नद्यांना अजून नावेही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. मुलांनो, ऐका; आणि मोठ्यांनो, तुम्ही तर जरा नीटच ऐका.

एका मोठ्या नदीच्या पश्चिमेला एक राज्य होते आणि पूर्वेला दुसरे. मधे भिंत नव्हती, खांब नव्हते. जिथे पाणी सर्वांत खोल, तिथे हद्द, एवढाच करार होता.

दरवर्षी पूर ओसरला की दगड बांधलेला दोर सोडून खोली मोजायची आणि सर्वांत खोल धारेवर वाळवलेले भोपळे बांधून ठेवायचे, अशी रीत होती. एका वर्षी पश्चिमेच्या माणसाने मोजायचे, पुढच्या वर्षी पूर्वेच्या. एकाने मोजले की दुसरा पडताळत नसे. होड्याही त्याच भोपळ्यांच्या ओळीने चालत, कारण जिथे हद्द, तिथेच खोल पाणी.

त्या वर्षी पाळी पश्चिमेची होती. मोजणारी होती एक तरुण मुलगी. नदीतल्या बेटावर तिच्या बापाची कलिंगडांची वाडी होती. खोल धार बेटाच्या पूर्वेने वाहायची, म्हणून बेट पश्चिमेच्या राज्यात.

पण यंदा पुराने धार फिरवली. बेटाच्या पूर्वेला दोर हातभरातच तळाला टेकला. पश्चिमेला मात्र तो बावीस हात गेला. मुलीने तो पुन्हा सोडला. पुन्हा बावीस. बेट आता पलीकडच्या राजाचे झाले होते, बापाच्या वाडीसकट.

तरी दरबारात तिने खरे तेच सांगितले.

राजा खवळला. "भोपळे जुन्याच जागी बांध. पलीकडचे कुठे मोजायला येणार आहेत?"

"म्हणूनच खोटं बोलता येत नाही, महाराज. त्यांनी आपल्यावर सोडलंय."

प्रधान हसला. "अगं, तुझ्या दोराला आपल्या राज्याची काही चाड?"

"दोराला फक्त तळ कळतो, प्रधानजी."

तिचे काम गेले. शिपायांनी भोपळे जुन्या जागी बांधले. दुसऱ्या सकाळी खऱ्या धारेवर एक भोपळा डोलताना दिसला. शिपायांनी तो तोडला. तिसऱ्या सकाळी दुसरा हजर. असे सोळा दिवस चालले.

"पोरी, घरातले भोपळे संपले," बाप वैतागला. "आणि हे कशासाठी? आपलीच वाडी घालवायला?"

"मिठाच्या होड्या येतील, बाबा. त्या भोपळे बघून चालतात, महाराजांचा हुकूम बघून नाही. मडकी आहेत ना?"

"मग पाणी काय ओंजळीत भरायचं?" बाप पुटपुटला. पण मडके त्यानेच आणून दिले.

होड्या आल्या. खऱ्या धारेवर तरंगणाऱ्या एकट्या मडक्यापेक्षा नावाड्यांनी सरकारी ओळीवर विश्वास ठेवला आणि होड्या वाळूत रुतल्या. तीन उलटल्या, वर्षाचे मीठ नदीत विरघळले. राजा स्वतः पाहायला निघाला. त्याच्या नावाड्याने हुकमाप्रमाणे भोपळ्यांचीच वाट धरली, आणि राजाची नावही रुतली.

मुलगी होडी वल्हवत तिथे आली तेव्हा राजा गुडघाभर पाण्यात उभा होता.

"त्या मडक्याजवळ पाणी किती?" त्याने विचारले.

"बावीस हात. त्या दिवशीही तितकंच होतं."

राजाने आपला भिजलेला जरीचा शेला पिळला. मग त्याने पायाजवळचा भोपळा स्वतःच्या हाताने सोडला आणि तिच्या होडीत ठेवला.

संध्याकाळपर्यंत सारी ओळ खऱ्या धारेवर गेली. बेटही गेले.

"गेलं गं आपलं बेट," बाप म्हणाला.

"बेट आहे तिथंच आहे, बाबा. राजा बदलला."

पुढच्या वर्षी पूर्वेच्या माणसाने नदी मोजली. पश्चिमेच्या राजाने पडताळायला कुणाला पाठवले नाही, आणि मिठाची एकही होडी रुतली नाही.

तात्पर्य: हुकमाने खूण हलते, नदी हलत नाही, म्हणून खूण खऱ्या जागीच ठेवावी, मग त्यात आपली वाडी गेली तरी चालेल.