शीतगृहाचं तिसरं दार

दूध संघाचे व्यवस्थापक घारपुरेसाहेब कामं तोंडीच सोपवायचे. संघाच्या कामवाटपाच्या ॲपमध्ये नोंद कधीच नाही. काम अडलं की सोमवारच्या बैठकीत त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "मी बोंद्रेबाईंना तेव्हाच सांगितलं होतं!" कार्यालय सांभाळणाऱ्या बोंद्रेबाईंना त्यावरून ठपक्याचे दोन मेमो मिळाले होते. तिसरा मिळाला की बढती गेलीच. पण बाईंना दाट संशय होता, की साहेब मुळात सांगतच नाहीत.

त्या सोमवारी बाईंनी बैठकीच्या विषयपत्रिकेत पहिलाच विषय टाकला: शीतगृहाच्या तिसऱ्या दाराची दुरुस्ती कोणाकडे सोपवली होती?

"कोणाकडे म्हणजे?" साहेब कडाडले. "बोंद्रेबाईंकडेच! पंधरा दिवस झाले सांगून. तिसरा मेमो काढा!"

"मेमो घेते, साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या. "फक्त आधी ते दार दाखवा. आपल्या शीतगृहाला दोनच दारं आहेत."