येसूचं लिंपण

“तुझ्या शेणामातीची किंमत उद्या सिद्ध कर, नाहीतर नेसत्या लुगड्यानिशी चालू लाग!” राजा गरजला.

येसू आणि लखूची काडीमोड पंचांनी सकाळीच करून दिली होती. राहिली होती वाटणी. घराच्या भिंती म्हणजे कारवीच्या काड्यांचा कूड. लखू म्हणाला, “कारवी मी तोडली, कूड मी बांधला. घर माझं, बैलजोडीही माझी!”

“आणि कुडाला लिंपण कोणी केलं? इतकी वर्षं सारवलं कोणी?” येसूने विचारलं. बैल मिळाले तर कुणाचंही शेत कसून ती ताठ मानेने जगणार होती. नाहीतर होतीच दुसऱ्यांच्या घरची भांडी!

पंचांनी मिशा कुरवाळल्या. त्यांच्यातल्या एकाही म्हाताऱ्याने जन्मात शेणाला हात लावला नव्हता, त्यामुळे निकाल झटकन लागला. “शेणामातीला कसली किंमत? शून्य!” येसूचा सासरा जानबा तर खोकला लागेपर्यंत हसला.

प्रकरण राजाकडे गेलं. राजा त्यांच्याहून हट्टी! वर त्याने अट घातली, “किंमत तुझ्या तोंडून नको, माहेरच्यांच्याही नको. नवऱ्याकडच्या माणसाने सांगितली तरच मानीन!”

“बरं, महाराज. पण शून्य किमतीचा माझा माल मी नेला, तर कुणाची हरकत?”

“ने की!” लखू ओरडला. “पाट्यासुद्धा देतो!”

येसूने घरी जाऊन कुडावर पाणी मारलं, खुरपं घेतलं आणि लिंपण उतरवायला सुरुवात केली. दिवस मावळेपर्यंत भिंती पाट्यांत गेल्या. उरल्या नुसत्या काड्या! जेवायला बसलेला सासरा थेट रस्त्यावरून दिसू लागला.

“काय जानबा, कालवण जमलंय का?” जाणारा-येणारा विचारू लागला.

दुसऱ्या दिवशी दरबारात येसूच्या आधी जानबाच हजर! “महाराज, हिने घर बुडवलं! वारा आत, कोंबड्या आत, अब्रू बाहेर! भरपाई द्या!”

“किती?”

“एका बैलजोडीइतकी! कवडी कमी घेणार नाही!”

“पण तिने नेलं काय?”

“सगळं लिंपण!”

येसूने पदर सावरला. “महाराज, मामंजी नवऱ्याकडचेच ना? मी तर अजून तोंडही उघडलं नाही!”

राजा पोट धरधरून हसला. बैलजोडी येसूला मिळालीच, वर दरबाराकडून जमिनीचा तुकडाही मिळाला.

आणि पंचांना? प्रत्येकी शेणाची एक पाटी. लखूचा कूड लिंपून होईपर्यंत कुणी घरी जायचं नाही!