मुंगीचं चॉकलेट आणि गाडीचा हार

अकोल्याचं ऊन. रस्ता तापला. फाटक तापलं. भास्कररावांची नवी गाडीसुद्धा तापली.

गाडीत बसले होते भास्करराव. काचा बंद. एसी चालू. तरी घाम टपटप! हातात गाडीचं माहितीपुस्तक. ते उघडलं मात्र नव्हतं. त्या पुस्तकानं भास्करराव वारा घेत होते.

सीटखाली होती एक मुंगी. तिला सापडला चॉकलेटचा तुकडा. पिल्लांसाठी घरी न्यायचा होता. पण चॉकलेट पघळलं. पच् पच्! उचलता येईना. मुंगीला रडूच आलं.

मुंगी गेली एसीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"एसी एसी, गार फुंक. चॉकलेट घट्ट होईना!"

एसी म्हणाला, "फुस्स! गॅस गार झाला, तर फुंकीन. नाहीतर नाही!"

मुंगी गेली नळीतल्या गॅसकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"गॅस गॅस, गार हो. एसी गार फुंकेना, चॉकलेट घट्ट होईना!"

गॅस म्हणाला, "हाश हुश! जाळीनं वारा घेतला, तर होईन. नाहीतर नाही!"

मुंगी गेली गाडीच्या नाकाकडे. तिथं होती जाळी. तुरुतुरु तुरुतुरु.

"जाळी जाळी, वारा घे. गॅस गार होईना, एसी गार फुंकेना, चॉकलेट घट्ट होईना!"

जाळी म्हणाली, "गुदमरले गं बाई! हार बाजूला सरला, तर घेईन. नाहीतर नाही!"

जाळीवर होता हार. पूजेच्या दिवशी बांधलेला. प्लास्टिकची फुलं, हे एवढाले गोंडे!

"हार हार, बाजूला सर. जाळी वारा घेईना, गॅस गार होईना, एसी गार फुंकेना, चॉकलेट घट्ट होईना!"

हार फुगून म्हणाला, "मी मानाचा! भास्कररावांनी सोडला, तर सरेन. नाहीतर नाही!"

मुंगी परत गाडीत. तुरुतुरु तुरुतुरु.

"भास्करराव भास्करराव, हार सोडा. हार बाजूला सरेना, जाळी वारा घेईना, गॅस गार होईना, एसी गार फुंकेना, चॉकलेट घट्ट होईना!"

भास्करराव म्हणाले, "वा गं वा! आत्यानं अजून गाडी पाहिली नाही. हाराशिवाय नवी गाडी शोभते का? आत्यानं पाहिली, तर सोडीन. नाहीतर नाही!"

आत्या राहायची शेजारच्याच घरात. रोज खिडकीतून डोकवायची. चाकं पाहिली. रंग पाहिला. सीटसुद्धा पाहिल्या. पण गाडी पाहिली? छे! बोलावणं कुठं आलं होतं?

मुंगी गेली आत्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"आत्या आत्या, गाडी बघा. भास्करराव हार सोडेनात, हार बाजूला सरेना, जाळी वारा घेईना, गॅस गार होईना, एसी गार फुंकेना, चॉकलेट घट्ट होईना!"

आत्या म्हणाली, "मले मानानं बोलावलं का कोणी? नाही पाहत, जाय!"

आता मात्र मुंगी चिडली. माणसं एवढी मोठ्ठी, अक्कल एवढुशी! ती चढली आत्याच्या अंगठ्यावर. आणि घेतला चावा. कच्च!

"अगं माय गंऽऽ!" आत्या उडाली. टुणुक टुणुक टुणुक! दारातून बाहेर. फाटकातून आत. थेट गाडीसमोर!

"आत्या आली! आत्यानं गाडी पाहिली!" भास्करराव ओरडले.

भास्कररावांनी हार सोडला. हार बाजूला सरला. जाळीनं वारा घेतला. गॅस गार झाला. एसी गार फुंकू लागला. फूऽऽऽ! चॉकलेट घट्ट झालं. टक्क!

आत्या पुढच्या सीटवर बसली. गार गार वारा खाल्ला. मग म्हणाली, "बरी हाये गाडी. पण आमच्या जावयाची मोठी हाये."

भास्कररावांचं तोंड पडलं. "असं? मग जावयालाही दाखवू! तोवर हार बांधतो."

त्यांनी हाराकडे हात नेला. मुंगी निघाली त्यांच्या अंगठ्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

हात मागे! पाय वर!

मुंगीनं चॉकलेट उचललं. घरी नेलं. पिल्लांनी खाल्लं. कुटुम कुटुम!

गोष्ट झाली गार, मिटा डोळ्यांचं दार.