न विचारता घेतलेला गूळ

"मग सांगा बाबा, जे मला पाप वाटतं, ते ह्याला का वाटत नाही?"

रंगनाथने विचारलं आणि दाराशी उभ्या म्हाकूकडे बोट केलं.

खेमगिरी बाबा नुकते जेवायला बसले होते. माणदेशातल्या उघड्याबोडक्या टेकडीवर त्यांचा मठ, आणि मठात ही तीनच माणसं. रंगनाथ जुना शिष्य, शास्त्रं शिकून आलेला, आणि ते विसरू न देणारा. म्हाकू मेंढरं भावाच्या हवाली करून दिवाळीनंतर आलेला.

मडक्यातला गूळ कमी होतोय, या संशयाने रंगनाथला पछाडलं होतं. त्याने मडक्याच्या तोंडाला दोरा बांधून पाहिला. म्हाकू जवळून गेला की त्याच्या तोंडाचा वास घेऊन पाहिला. हातात माळ फिरत होती, डोळे मडक्यावर होते. आज त्याने म्हाकूला मडक्यात हात असतानाच धरलं.

"हा चोर आहे. दिवस मावळायच्या आत एक तर हा जाईल, नाहीतर मी."

बाबा म्हाकूकडे वळले.

"गूळ घेतलास?"

"घेतला की."

"विचारलं नाहीस?"

म्हाकू गोंधळला. "कुनाला इचारू? आमच्या तळावर पावना इचारतो. घरचा मानूस घेतो. घरात इचारून खाल्लं तर आई रडंल. म्हनंल, पोरगं परकं झालं."

"पाठ केलेलं उत्तर!" रंगनाथ म्हणाला. "आमच्या घरी आईला विचारल्याशिवाय केळ्याला हात लावायची हिंमत नव्हती. कुठेतरी पाणी मुरतंय, बाबा."

"मुरतंय खरं. सकाळी म्हाकूही आला होता. तुझी तक्रार घेऊन."

"माझी? चोराच्या उलट्या बोंबा!"

"सांग रे म्हाकू."

म्हाकूने मान खाली घातली. "ह्यो सारखा इचारतो. पानी घिऊ का, आसन घिऊ का. इतकी वर्सं ऱ्हाऊन इचारतो, म्हंजी ह्याचं मन हितं न्हाई. ह्यो तुमास्नी सोडून जानार, बाबा. माझी नजर हाय ह्याच्यावर."

रंगनाथ बघतच राहिला. ज्याच्यावर तो पाळत ठेवून होता, तोच त्याच्यावर पाळत ठेवून होता. खरं तर हसू यायला हवं होतं. त्याला राग आला, आणि थोडी भीतीही वाटली.

"बाबा, आमच्यात बरोबर कोण, ते आत्ता सांगा."

"बस. आधी जेव," बाबा म्हणाले.

रंगनाथ आपल्या वाढलेल्या ताटावर बसला.

बाबांनी हात लांब करून त्याच्या ताटातली भाकरी उचलली. तुकडा मोडला, त्याच्याच ठेच्याला लावला आणि खाल्ला.

रंगनाथचा चेहरा उजळला. गुरूंनी त्याच्या ताटातलं खाल्लं होतं! त्याने ताट पुढे सरकवलं.

"घ्या ना बाबा, अजून घ्या."

"मी विचारलं नाही."

"तुम्ही कशाला विचारायचं? तुम्ही तर आपले..."

तो मध्येच थांबला.

दाराशी म्हाकू आपली घोंगडी गुंडाळू लागला होता.

बाबांनी घास गिळला.

"मग रंगनाथ, तुझी तक्रार चोरीची नव्हती."