म्हाकूबाईची घोंगडी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, आणि आमच्या घरातल्या माणसाला ती मान खाली घालूनच सांगावी लागते. तेव्हा ऐका, मध्ये हसू नका.

आमची वाघजाळी ही वाडी धनगरांची. शाळा म्हणजे एक रिकामा मेंढवाडा, खाली उघडा कातळ. थंडीत लेकरं त्या कातळावर बसायची आणि खोकत घरी यायची. आया म्हणाल्या, पुरे झालं शिकणं. मास्तर म्हणाले, पोरंच येईनात तर पौष संपला की मी दुसऱ्या गावी जातो.

वाडीत म्हाकूबाई नावाची एक विधवा होती. तिला अक्षर येत नव्हतं. नवऱ्यामागं त्याचा माग तीच चालवायची, घोंगड्या विणायची. मेंढरं कातरायचे दिवस आले तशी ती झोळी घेऊन दारोदार फिरली.

"लेकरांच्या बुडाखाली घालायला घोंगडी विणते," ती म्हणायची. "मूठमूठ लोकर घाला."

कुणी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायला तरी धमक लागते. चांगली लोकर आम्ही बाजारासाठी ठेवली आणि तिच्या झोळीत पोटाखालची, शेपटाकडची, कुसळांनी भरलेली टाकली. पहिली मूठ वाडीच्या कारभाऱ्याची. कारभारी होता सिदू, म्हणजे माझा पणजा. त्याची मूठ बघून बाकीच्यांनी तसल्याच मुठी टाकल्या. वर हा म्हणतो कसा, "धर्माच्या गाईचे दात बघू नयेत, म्हाकू."

तिनं झोळी खांद्याला लावली. असं म्हणतात, घरी बसून तिनं एकेक कुसळ नखानं काढलं. बोटं रक्ताळली तरी काढत राहिली. मग सूत कातलं, विणलं, चिंचोक्याची खळ दिली, आणि भर पौषात बारा हातांची घोंगडी शाळेत अंथरली. लेकरांना ती लोण्यासारखी लागली, असं म्हणतात.

मग काय, वाडीनं समारंभ केला. दाते आम्हीच ना. सिदू कारभारी पागोटं सावरून घोंगडीच्या मधोमध बसला आणि ताडकन उठला. दुसरा बसला, तोही उठला. एकेक करता सगळी जाणती माणसं उभी. सिदूनं घोंगडी उलटीपालटी केली, हात फिरवून बघितला. एक कुसळ सापडेना.

"म्हाकू, काय घातलंस यात?"

"मी काय घालणार, कारभारी? तुम्ही दिलंत तेच विणलं."

सिदूची नात तिथंच पाटी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "आज्या, मला तर मऊ लागतंय. तुलाच का टोचतंय?"

सिदू तिच्याकडं बघायला वाकला, तसं पागोटं खाली पडलं. म्हाकूबाईनं चार शिव्या हासडल्या असत्या तर तो सुटला असता. तिनं नुसतं त्याचं पडलेलं पागोटं उचलून हातात दिलं. असं म्हणतात, दुसऱ्या दिवशी सगळी वाडी चांगली लोकर घेऊन तिच्या दारात उभी राहिली, आणि कुणालाच मान वर करून बोलता येईना. शाळा मात्र टिकली.

तेव्हापासून वाघजाळीत कोकराचं पहिलं जावळ, सगळ्यांत मऊ लोकर, शाळेला जातं. त्याला म्हाकूची मूठ म्हणतात. घोंगडी विरेल तिथं त्या जावळाचा तुकडा जोडतात. तिच्यावर लेकरं बसतात आणि मोठी माणसं उभी राहतात. परवा एक साहेब आले, त्यांना खुर्ची दिली, तर आम्हाला उभं बघून बिचारे तेही उभेच राहिले.

यंदा मीही मूठ घातली. सुनेचं बाळंतपण जवळ आलंय, म्हणून बाळाखाली घालायला थोडं जावळ घरी मागं ठेवलं. थोडंच. नंतर शाळा सुटल्यावर, कुणी नाही असं बघून, घोंगडीवर जरा टेकलो.

टोचलं. म्हणून तर मघापासून उभ्यानं सांगतोय.