लहानूचं जर-तर

एका गावात एक भोळा संगणकवाला होता. नाव लहानू. पस्तिशी आली तरी त्याचं लग्न काही जमेना. शेवटी तो दुर्गामाईंच्या वधूवर मंडळात कामाला लागला.

माई म्हणाल्या, "मंडळाची वेबसाइट नीट करून दे, तुझं लग्न मी जमवते."

झालं. लहानूला माईंचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य.

त्याने पानाचा एक साचा केला. नाव, उंची, शिक्षण, पगार, व्यसन. ज्याची माहिती, त्याच्या पानावर आपोआप भरली जायची. पण एकाने पगार सांगितलाच नव्हता. पानावर 'पगार' आणि पुढे मोकळं मैदान.

"अरे, साच्यात जर-तर घाल," माई म्हणाल्या. "असेल तर दाखव, नसेल तर ती ओळच उडव."

"बरं माई."

दुसऱ्या दिवशी सगळ्या निर्व्यसनी मुलांच्या पानांवरून व्यसनाची ओळ गायब. व्यसन नव्हतंच ना! ती ओळ राहिली फक्त तंबाखूवाल्यांच्या पानांवर. मुलींचे बाप विचारू लागले, "बाकीचे काय लपवताहेत?"

माईंनी कपाळाला हात लावला. "नसेल तर 'नाही' असं स्पष्ट लिहावं रे."

"बरं माई."

तिसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. बिचारे घाईत अर्धाच अर्ज भरून गेले होते. पानावर झळकत होतं, 'शिक्षण: नाही. उंची: नाही.'

"माहिती आली नसेल तर 'प्रत्यक्ष भेटीत सांगू' असं लिहितात, शहाण्या!" माई कडाडल्या.

"बरं माई."

आणि काय आश्चर्य, वेबसाइट सुरळीत चालली. माई शब्दाच्या पक्क्या. त्यांनी वैजयंती नावाची चांगली मुलगी पाहून लहानूचं लग्न ठरवलं. लहानू हरखून गेला. त्याच साच्यावर त्याने स्वतःची लग्नपत्रिका केली आणि तीनशे जणांच्या मोबाइलवर धाडूनही दिली. गुरुजींनी अजून मुहूर्त काढला नव्हता, म्हणून पत्रिकेत आलं, 'मुहूर्त: प्रत्यक्ष भेटीत सांगू.'

मग मुहूर्त निघाला. रविवारी दुपारी बारा पस्तीस.

रविवारी मांडव सजला, नवरी नटली. नवरदेवाचा मात्र पत्ता नाही. पाहुणेही मोजकेच. वैजयंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या वडिलांनी घाबरून फोन लावला.

"जावईबापू, आहात कुठे?"

"आत्याच्या गावी. घरोघर मुहूर्त सांगत फिरतोय. अजून दोनशे दहा जण राहिलेत."

"अहो, इथे मुहूर्त टळतोय!"

"थांबा थांबा, फोनवर काही बोलू नका," लहानू म्हणाला. "तुमचं घर उद्या सकाळी आहे. प्रत्यक्ष येऊन सांगतो."